साखरेखाली आंबा

साखरेची पोळी भाजलेल्या गोड धोंडसावरून पुन्हा घसरली आणि पाटावर येऊन पडली. तुलसीरामनं ती दोन्ही हातांनी उचलली, तिच्याकडे नीट पाहिलं आणि हळू आवाजात तिला एक शिवी दिली. हळू अशासाठी, की शेजारी देवकी बसली होती आणि घरात शुभकार्याची तयारी चालली होती.

"तिला कशापायी शिव्या देता?" देवकी म्हणाली. "खाली ओलं, वर ओलं. धरंल कसं?"

"धरायला पायजे. उद्या मादाम येणार."

"मग त्यांना बोलवलं कुणी?"

हा प्रश्न ती सकाळपासून विचारत होती आणि उत्तर तिला पाठ होतं. मादामना कुणी बोलावलं नव्हतं. त्या तुलसीरामच्या जिभेवर बसून आपल्या आपण आल्या होत्या.

झालं होतं असं. रोझ बेल गावाच्या अलीकडे जो उसाचा मळा होता, तिथं तुलसीराम आधी तोडणीला होता. पायावरून बैलगाडीचं चाक गेल्यापासून त्याला ग्रां काझमध्ये, म्हणजे मालकाच्या मोठ्या घरात, स्वैंपाकघराच्या वरकामाला घेतलं होतं. लाकडं फोडायची, पाणी भरायचं, साखर कुटून तिची पिठी करायची आणि डिंकाच्या पाण्यात ती कणकेसारखी मळून द्यायची. मालकीणबाईंना, म्हणजे मादामना, गोडाचा भारी नाद. त्या मोठमोठे गातो, म्हणजे केक, भाजत आणि त्यावर ही साखर लाटून अंथरत. तिला त्या फोंदां म्हणत. तुलसीराम तिला पोळीच म्हणे, कारण जे लाटलं जातं ते पोळी, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

लेकीच्या साखरपुड्यासाठी तो मादामकडे सुट्टी मागायला गेला, तेव्हा त्यांनी विचारलं, सुट्टी कशाला. साखरपुड्याला बेटावरच्या क्रिओल बोलीत काय म्हणतात हे त्याला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं, कारण तसा शब्दच नव्हता. पण तुलसीराम असल्या गोष्टींनी अडणारा माणूस नव्हे. त्यानं शब्दाचे दोन तुकडे केले. दिसिक म्हणजे साखर आणि पाके म्हणजे पुडा.

"पाके दिसिक, मादाम," तो म्हणाला. "माझ्या पोरीचा."

मादामनी टाळ्याच पिटल्या. साखरेचा सण! आणि तोही मुलीच्या नावानं! साखरेच्या मळ्यावर राहून आपल्याला हे इतकी वर्षं कसं कळलं नाही, याची त्यांना हळहळ वाटली. त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं की या सणाला वरून साखरेनं मढवलेला गातो आपण द्यायचा, आणि नुसता द्यायचा नाही, वस्तीवर येऊन आपल्या हातानं कापायचा.

तुलसीरामच्या तोंडचं पाणी पळालं. कारण गातोत अंडी असतात, आणि ज्यांच्याशी सोयरीक व्हायची होती ते मोकाच्या मळ्यावरचे सत्यनारायण सिरदार, म्हणजे तिथले मुकादम, माळकरी होते.

हे सिरदार म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. देशातून या बेटावर येताना जहाजावर त्यांना जीवघेणा ताप आला. त्यातून उठले, तेव्हा त्यांनी गळ्यात माळ घातली आणि मांस, मासळी, अंडं, दारू सगळं सोडलं. स्वतः सोडलं ते सोडलं, हाताखालच्या माणसांनाही सोडायला लावलं. रिव्हिएर दू रांपारच्या एका घरी ते मुलगी बघायला गेले आणि पाण्याच्या तांब्याला सुकटीचा वास आला म्हणून पाणीसुद्धा न पिता उठून आले, ही गोष्ट सगळ्या मळ्यांवर ठाऊक होती. घरात शिरले की ते आधी विचारत, पाणी कुठल्या हंड्यातलं, चूल कधी सारवली, आणि ह्यात काय घातलंय. मुलीचं नाव त्यानंतर.

तसं पाहिलं तर लेकीला, जमुनेला, स्थळांची वाण नव्हती. या बेटावर आपल्या माणसांत मुली थोड्या आणि मुलगे पुष्कळ. मागणी घालणारे दारात उभे असत. त्यात दोन शेळ्यांचा मालक असलेला एक म्हातारा बिजवरही होता आणि तो शेळ्या बरोबर घेऊनच यायचा. पण जमुनेनं सिरदारांच्या जयदेवला एकदा गाडी हाकताना पाहिलं होतं आणि तिचं मन तिथं बसलं होतं. तिनं आईला स्पष्ट सांगितलं होतं, तिथं झालं तर करीन, नाहीतर करणार नाही. जमुना बोलली की तसं करते, हे तुलसीरामला पुरतं माहीत होतं. लेकीवर त्याचा फार जीव होता. ती उदास झाली तर त्याला जेवण जात नसे.

म्हणून तो मादामपुढे हात जोडून खोटं बोलला.

"मादाम, आमच्यात गातो पोरीच्या बापानंच करायचा असतो. रीत हाय."

मादामचे डोळे पाणावले. असा बाप त्यांनी त्यांच्या देशात पाहिला नव्हता. त्यांनी त्याला पांढरी साखर दिली, डिंक दिला, लोणी दिलं आणि स्वतःच्या कोंबड्यांची टोपलीभर अंडी दिली. वर गातो कसा करायचा यावर एक लांबलचक व्याख्यानही दिलं. मादाम नाकातून आणि भरभर बोलत. तुलसीरामला त्यातलं एवढंच कळलं की साखर नुसती टाकली तर घसरते, तिच्याखाली काहीतरी घालावं लागतं. काय घालायचं तेही त्यानं नीट कान देऊन ऐकलं. मादाम दोनदा म्हणाल्या, आणि दोन्ही वेळा बोट जमिनीकडे करून म्हणाल्या.

"आंबा."

बोट जमिनीकडे का, याचा तुलसीरामनं घरी येईपर्यंत विचार केला आणि त्याला उलगडा झाला. पाडाचा आंबा. झाडावर पिकून आपोआप खाली पडलेला. मादामना एवढी बारीक जाण असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

अंडी त्यानं ग्रां काझच्या क्रिओल स्वैंपाकिणीला गुपचूप देऊन टाकली. गातोच्या जागी देवकीनं धोंडस केलं. तवशाचा, म्हणजे मोठ्या काकडीचा, कीस, तांदळाचा रवा, गूळ, खोबरं, आणि पातेल्याच्या वर-खाली निखारे. कोकणातल्या तिच्या आईच्या हातचं जसं व्हायचं तसं तपकिरी, खरपूस झालं. कुणीही लांबून गातोच म्हणावं. फक्त तवशाचा ओलावा होता, आणि त्या ओलाव्यावर साखर काही केल्या ठरत नव्हती. तुलसीरामनं मध्ये केळं कुस्करून लावून पाहिलं. केळं काळं पडलं आणि साखरेतून डोकावू लागलं.

"बाबा," दारातून जमुना म्हणाली. ती बराच वेळ तिथं उभी होती. "न्हाय जमलं तर ऱ्हाऊ द्या. त्यांना सरळ सांगू."

"काय सांगू? मादामना सांगू का गातो न्हाय, का सिरदारांना सांगू का मादाम हाय?"

जमुनेनं खाली पाहिलं. तुलसीरामनं घसरलेली साखर पुन्हा मळायला घेतली.

"मादामनं आंबा सांगितला न्हवं?" देवकी म्हणाली.

"सांगितला. पर ज्येष्ठात आंबा आणू कुठनं? इथं मार्गशीर्ष लागल्याबिगर आंबा पिकत न्हाय. आत्ता झाडाला मोहोर बी न्हाय."

देवकी उठली. आढ्याला टांगलेलं मडकं तिनं काढलं आणि त्यातून फडक्यात गुंडाळलेली आंबापोळी बाहेर घेतली. मागच्या हंगामात तिनं रस चटईवर थापून ती वाळवली होती आणि तेव्हापासून नवऱ्याला तिचा वाससुद्धा लागू दिला नव्हता. तिनं ती उलगडली, धोंडसावर ताणून बसवली, कडा दाबल्या आणि बाजूला झाली.

"आता घाला तुमची साखर."

तुलसीरामनं साखर अंथरली. ती बसली. त्यानं हात काढला, तरी बसलेलीच राहिली. त्यानं पाट जरासा कलता केला, तरी हलली नाही. जमुना दारातच हसली आणि तोंडावर पदर घेऊन आत पळाली.

"मादाम लई हुशार बाई," तुलसीराम म्हणाला.

"व्हय तर," देवकी म्हणाली. "आंबापोळी त्यांनीच वाळवली."

दुसऱ्या दिवशी सत्यनारायण सिरदार बैलगाडीतून उतरले. बरोबर जयदेव आणि मोकाची चार वडीलधारी माणसं होती. सिरदारांच्या मिशा पांढऱ्या, पागोटं पांढरं आणि माळ सदऱ्याच्या वर, सगळ्यांना दिसेल अशी. त्यांनी पाणी कुठल्या हंड्यातलं ते विचारलं. चूल कधी सारवली ते विचारलं. मग घोंगडीवर बसले. समोर पाटावर पांढराशुभ्र गातो ठेवला होता. त्याच्याकडे त्यांनी एकवार पाहिलं आणि नजर काढून घेतली.

तेवढ्यात मादाम छत्री घेऊन आल्या. त्यांच्यासाठी ग्रां काझमधून खुर्ची आली होती. त्या बसल्या, सगळ्यांकडे पाहून हसल्या, जमुनेचे गाल कुरवाळले आणि सुरी मागितली. साखर कुरकुरली, आंबापोळी जराशी ताणली गेली आणि तुकडा सुटून आला. वर पांढरं, मध्ये सोनेरी, खाली तपकिरी. मादामनी पहिला घास घेतला. त्यांच्या भुवया कपाळात गेल्या.

"की तो फिन मेत आंबा?"

तुलसीरामला त्यातला शेवटचा शब्द तेवढा कळला आणि त्याची छाती फुगली. त्यानं जोरात होकार दिला.

"वी, मादाम! आंबा!"

"वी, वी, आंबा. पण काय?"

"आंबा!"

मादामनी बोट खाली केलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "आंबा!" तुलसीरामनंही बोट खाली केलं आणि मान डोलावली.

"पाडाचा न्हाय मिळाला, मादाम. वाळवलेला हाय. पर आंबाच हाय."

मादाम हताश होऊन इकडेतिकडे पाहू लागल्या. सिरदार खाकरले. मालक आणि माणसं यांच्यामध्ये उभं राहून इकडचं तिकडे करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

"अवो, खाली काय घातलं ते विचारत्यात," ते म्हणाले. "त्यांच्यात आंबा म्हंजे खाली."

"खाली?"

"खाली."

"मग आंब्याला काय म्हणत्यात?"

"मांग."

तुलसीरामच्या डोळ्यांपुढे ते जमिनीकडे केलेलं बोट आलं आणि त्याचे कान तापले. "म्हंजे मला त्या खाली आंबा घाल असं म्हणाल्या न्हाईत?"

"साखरेच्या खाली काहीतरी घाल म्हणाल्या असतील. बदाम वाटून घालत्यात," सिरदार म्हणाले आणि मादामकडे वळून त्यांनी एका शब्दात उत्तर दिलं. "मांग."

"मांग!" मादाम चीत्कारल्या. बदामाच्या जागी आंबा! असलं काही त्यांनी उभ्या जन्मात खाल्लं नव्हतं. त्यांनी दुसरा घास घेतला, डोळे मिटले, आणि मग या यशात आपलाही वाटा आहे हे त्यांना आठवलं. त्यांनी छातीवर हात ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

"मांग, ए मो दिझेफ!"

दिझेफ म्हणजे अंडी. वस्तीवर घरटी कोंबडी होती, तेव्हा एवढं क्रिओल लहान पोरांनासुद्धा येत होतं. आंबा आणि माझी अंडी, असं मादाम म्हणाल्या होत्या. जयदेवनं जमुनेकडे पाहिलं. जमुनेनं कुणाकडेच पाहिलं नाही, हातातला तांब्या तिनं खाली ठेवला.

सिरदार उठून उभे राहिले. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"येतो आम्ही," ते म्हणाले.

"सिरदार, बसा," तुलसीराम म्हणाला. तो तोंडभर हसत होता, कारण मादाम त्याच्याकडेच पाहत होत्या. "मी काय सांगतो ते ऐका. आन् ऐकताना जरा हसा, हात जोडतो. बाई बघतीया."

"हसू? अंडं घालून वर हसू?"

"अंड्याचा टवका बी न्हाय त्यात. तवशाचं धोंडस हाय. अंडी मी ग्रां काझच्या स्वैंपाकिणीला देऊन टाकली. पर हे बाईला कळलं तर उद्यापासून मी परत उसात, ह्या पायानं. हसा जरा."

सिरदारांनी ओठ ताणले. ते हसू पाहून शेजारचं मूल रडू लागलं.

"कशावरून?" ते म्हणाले.

"पोरीची शपथ घेतो."

"पोरीची नको." सिरदारांनी जमुनेकडे पाहिलं. आल्यापासून त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. मग ते सावकाश खाली बसले. "द्या हिकडं."

देवकीनं केळीच्या पानावर तुकडा पुढे केला. सिरदारांनी तो आधी नाकाशी नेला. मग अंगठ्यानं कडेला हलकेच दाबला आणि अंगठा काढून वाट पाहिली. दाबल्या जागी खळगा तसाच राहिला. त्यांनी मान हलवली. मग एक कोपरा मोडून जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि जीभ टाळ्याला लावून बराच वेळ बसून राहिले.

"अंडं असलं की दाबल्यावर परत वर येतं," ते डोळे न उघडता म्हणाले. "हे आलं न्हाय. आन् मागनं एक वास ऱ्हातो, कितीबी लिंबाची साल घाला. त्यो बी न्हाय." त्यांनी घास गिळला. "अंडं न्हाय."

मोकाच्या माणसांनी माना डोलावल्या. सिरदारांची पारख म्हणजे पारख, असं एकजण दुसऱ्याला म्हणाला. तुलसीरामचा जीव भांड्यात पडला. देवकीच्या हातात वाढायचं पातेलं होतं, ते मात्र तसंच अधांतरी राहिलं. माळकऱ्याला अंड्याची एवढी पारख कशी, अशा नजरेनं तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं घाईघाईनं दुसरीकडे पाहिलं.

मग सगळं रीतीप्रमाणे झालं. सिरदारांनी कमरेचा साखरेचा पुडा काढला, जमुनेच्या ओटीत घातला आणि चिमूटभर साखर तिच्या तोंडात दिली. जमुनेच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती हसली. तुलसीरामलाही रडू आलं, पण त्यानं ते चुलीच्या धुरावर ढकललं. मादामनी पुन्हा टाळ्या पिटल्या. अंडी ताजी असली की गातो असा होतो, असं त्यांनी जाता जाता प्रत्येकाला थांबवून सांगितलं आणि प्रत्येकानं त्यांना वी, मादाम म्हटलं.

उन्हं कलली तशी मोकाची गाडी जुंपली गेली. तुलसीराम लंगडत पोचवायला गेला. माणसं गाडीत चढली, जयदेवनं कासरे हातात घेतले, पण सिरदार चाकापाशीच घुटमळत राहिले.

"बरं झालं सगळं, इवाई," ते म्हणाले. इवाई म्हणून त्यांनी हाक मारली ती पहिल्यांदाच.

"तुमची किरपा."

"ती अंडी. टोपलीभर होती म्हणालात?"

आता ही शेवटची परीक्षा, असं समजून तुलसीराम ताठ झाला. "टोपलीभर. पर घरात एक बी ठेवलं न्हाय, इवाई. दारातनं आत येऊ दिली न्हाईत."

"सगळी दिलीत?"

"सगळी."

सिरदारांनी एक लांब श्वास सोडला आणि बैलांकडे पाहिलं. बराच वेळ ते बैलांकडेच पाहत राहिले. ते तोंड तुलसीरामला ओळखीचं वाटलं. देवकी आंबापोळी परत मडक्यात ठेवी, तेव्हा त्याचं स्वतःचं तोंड असंच होत असे.

"लग्नाला बी गातो तुम्हीच करणार?" सिरदारांनी विचारलं.

धोंडसच करणार, असं तुलसीरामच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यानं गिळलं.

"लग्नाला मादामच करतील म्हणतो," तो म्हणाला. "त्यांच्या हातचा. त्यांच्या रीतीचा. मी त्यात हात घालणार न्हाय."

सिरदारांनी माळ सदऱ्याच्या आत सारली, चाकावर पाय दिला आणि गाडीत चढून बसले.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "आन् घरच्या माणसांना आत काय घातलं ते विचारायची आमच्यात रीत न्हाय."